रोज एक मुलुख

माझा भाऊ हैबतराव पलटणीतून परत आला तेव्हा गावानं त्याला हार घातला. लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, पण लढाईवर गेलेला माणूस, मान तर द्यायलाच हवा. त्यानं तिकडं नेमकं काय केलं हे कुणी विचारलं नाही, आणि तोही आपणहून सांगायला गेला नाही. तो ऑफिसरांच्या मेसमध्ये अबदार होता, म्हणजे साहेबांचे दारूचे पेले भरून देणारा. त्याची पलटण इटलीच्या डोंगरात लढली हे खरं, पण दादा तेव्हा तंबूत लिंबं कापत होता.

मी रंभा, त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर मी माहेरी, मुठा गावी परत आले, आणि पुढच्याच पावसाळ्यात वहिनी तापानं गेली. तिचा नथू तेव्हा रांगत होता. त्याला मीच वाढवला. दादा कधीमधी रजेवर यायचा, तेव्हा पोर माझ्या पदराआड लपायचं. एकदा मला विचारलं, "आत्ती, ह्ये पाव्हणं कदी जाणार?" दादानं ते ऐकलं. हसला, पण त्या दिवशी अर्धपोटी ताटावरून उठला.

तो कायमचा घरी आला तोवर नथूचं लग्न होऊन गोजरा आमच्या घरात रुळलीसुद्धा होती. संध्याकाळी बाप-लेक एकाच ओसरीवर बसायचे. दादा विचारायचा, "खाचरात पाणी हाय का?" नथू म्हणायचा, "हाय." झालं, संपलं बोलणं. मग एक जण बैलांकडं बघायचा आणि दुसरा आढ्याकडं. चुलीपाशी बसून माझा जीव तळमळायचा. देशोदेशीच्या साहेबांशी अदबीनं बोललेला हा माणूस स्वतःच्या लेकापुढं मुका कसा होतो, हेच मला उमगत नव्हतं.

दादाच्या ट्रंकेत एक चांदीच्या मुलाम्याचा शेकर होता. पेय हलवून मिसळायचा झाकणाचा उंच तांब्या म्हणा ना. निरोप देताना कर्नल साहेबानं दिलेला. त्याबरोबर एक लहानसं माप, एक लांब दांड्याचा चमचा आणि चार काचेचे पेले. दादा ते चिंच आणि राखेनं घासून लख्ख ठेवायचा. आणि गंमत अशी की त्याच्या स्वतःच्या गळ्यात तुळशीची माळ. दारूचा थेंब त्यानं कधी जिभेवर घेतला नाही. सगळं काम रंगावर, वासावर आणि मापावर.

त्या वर्षांत मुंबई राज्यात दारूबंदी होती. म्हणजे दारू होतीच, फक्त ओढ्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीआड, कोंडिबाच्या भट्टीवर होती. नथू तिकडं जायचा, नाही असं नाही. शिमग्याला, जत्रेला, कुणाच्या लग्नात. गावचे सगळेच तरणे जायचे. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायचा. मी त्याला ताक द्यायची आणि वर चार शिव्याही द्यायची. मग पुढचा सण येईपर्यंत त्याला त्याची आठवणही नसायची.

एका शिमग्याला तो ओढ्यात पडला. पाणी गुडघाभर, पण कपाळाला मोठी खोक पडली. पोरांनी उचलून घरी आणला. दादाच्या मनाला ते फार लागलं. लेक असाच एक दिवस ओढ्यात मरून पडेल, ही भीती त्याच्या डोक्यात बसली ती निघेचना. विचार करकरून त्यानं जे ठरवलं ते जगात दुसऱ्या कुठल्या बापानं ठरवलं नसेल. साहेब लोक रोज पितात, पण त्याच्या मेसमध्ये कुणी कधी पडलेला त्यानं पाहिला नव्हता. का, तर ते मापात पितात, बसून पितात, चार शब्द बोलत पितात. आपली माणसं झुडपात उभ्यानं ढोसतात म्हणून पडतात. तेव्हा नथूला घरात बसवून नीट प्यायला शिकवायचं.

मी म्हणाले, शिकवायचंच असेल तर न प्यायला शिकव.

"रंभे, तुला न्हाई कळायचं," तो म्हणाला. "म्या लई वर्सं बघितलंय."

बघितलं होतं खरं. पण मेसमधून निघाल्यावर ते साहेब कसे घरी जात, त्यांच्या बायका काय सोसत, ते त्यानं कुठं बघितलं होतं? दादानं जन्मभर पेल्याची बाहेरची बाजू पुसली. आत काय असतं ते त्याला ठाऊकच नव्हतं.

कोंडिबाची बाटली घरात आली. दादानं तिचा उग्र वास काढायला कुटलेल्या कोळशातून आणि दुहेरी फडक्यातून ती पुन्हा पुन्हा गाळली. बर्फ कुठला आणणार? बाटली दोरीनं बांधून दिवसभर विहिरीत सोडली. संध्याकाळी ओसरीवर पाट मांडला, त्यावर धुतलेलं फडकं अंथरलं. मापानं दारू, लिंबाचा रस, साखर. शेकर ओल्या कापडात धरून त्यानं असा काही हलवला की गोजरा आतून बघायला आली. पेला भरून त्यानं नथूपुढं ठेवला आणि सांगितलं, "ही क्यूबा."

आमच्यात लेक बापापुढं विडीसुद्धा ओढत नाही. नथूला घाम फुटला. नको नको म्हणत तो कसाबसा भिंतीकडं तोंड करून बसला आणि बापाकडं पाठ ठेवूनच प्याला. दादा त्या पाठीशी बोलू लागला. क्यूबा हे बेट आहे, तिथं आपल्यासारखाच ऊस होतो, तिथल्या खाणीवरच्या एका साहेबानं हे पेय काढलं, असं मेसमध्ये सांगायचे. नथू ऐकत होता. ऊस किती उंच होतो, हे विचारायला म्हणून तो वळला, आणि मग बापाकडं तोंड करूनच बसला.

दुसऱ्या दिवशी इटली झाली. तिथलं पेय लाल आणि कडू. दादानं काडेचिराईत भिजवलं, रंगाला आमसूल घातलं, आणि पुण्याहून आलेल्या संत्र्याची साल वरून पिळली. नथूचं तोंड वाकडं झालं तेव्हा दादा मनापासून हसला. मग त्यानं सांगितलं की इटलीतल्या एका म्हातारीनं थंडीत त्याला फणसाच्या आठळ्यांसारख्या भाजलेल्या बिया दिल्या होत्या आणि तिचा मेलेला लेक समजून त्याचे गाल कुरवाळले होते. हे त्यानं मलाही कधी सांगितलं नव्हतं. पुढं विलायत आली. तिथल्या दारूला एका झाडाच्या फळाचा वास असतो, तो आणायला धने ठेचून घातले. फ्रान्सला फेस लागतो म्हणून गोळीचा सोडा आणला. ते पेय एका तोफेच्या नावाचं आहे, हे ऐकून नथू पाटावर थाप मारून हसला. अमेरिकेला साखरेचा खडा पेल्यातच विरघळवायचा आणि घाई करायची नाही.

दिवेलागण झाली की नथू हातपाय धुऊन ओसरीवर हजर. विचारायचा, "आज कंचा मुलुख, आबा?" ज्या पोरानं पुण्यापलीकडं काही पाहिलं नव्हतं ते कैरोच्या रस्त्यांबद्दल विचारायचं. बाप-लेकांचं हसणं आत ऐकू यायचं आणि गोजरा भाकरी थापता थापता माझ्याकडं बघून हसायची. ते दिवस चांगले होते. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो.

भात लावणीच्या दिवसांत नथूनं एकाचे दोन मागितले. अंग आंबलंय म्हणाला. दादानं दिले. दिवाळीपर्यंत दोनाचे तीन झाले. मुलुख तेवढेच होते, ते फिरून फिरून यायचे. गोष्टीही त्याच यायच्या, आणि नथू आता त्या ऐकता ऐकता पेल्याकडं बघायचा. दादानं गुपचूप पाणी वाढवलं, तर त्याला पहिल्या घोटात कळलं. मग एका सकाळी मी बघितलं, शेतावर जायच्या आधी तो कोंडिबाच्या वाटेनं गेला. परत आला तेव्हा तोंडाला ना लिंबाचा वास होता ना धन्याचा.

पुढच्या लावणीला त्याचे हात थरथरत होते. रोपांच्या मुठी चिखलात वाकड्यातिकड्या पडत होत्या आणि बाया एकमेकींकडं बघत होत्या. संध्याकाळी गोजरानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती ओसरीवर गेली. सासऱ्यासमोर ती कधी उभी राहून बोलली नव्हती.

"मामंजी, ह्ये वर्सातनं चार-पाच येळा पीत व्हते," ती म्हणाली. "तुमी रोजचं केलं."

दादाच्या हातात शेकर होता. तो त्यानं खाली ठेवला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तसं झालं होतं. त्याच दिवशी त्यानं सगळं उचलून ट्रंकेत घातलं. नथू ओसरीवर आला, रिकामा पाट बघितला आणि उलट्या पावली कोंडिबाकडं गेला. आता तो दिवसभर तिकडंच असायचा. भर पावसात त्याला शोधायला जायचं आणि चिखलातून ओढत आणायचं, हे गोजराच्या नशिबी आलं. ओढ्याचं पाणी चढलेलं बघून दादाचा धीर सुटला. निदान घरात तरी राहील, म्हणून त्यानं ट्रंक पुन्हा उघडली. मी भांडले, गोजरा रडली. काय उपयोग? सोडलं तरी लेक जाणार आणि दिलं तरी जाणार. दादा रोज गाळायचा, मोजायचा, हलवायचा. गोष्टी सांगणं मात्र त्यानं सोडून दिलं होतं.

अशी चार वर्षं गेली, मग नथूचे डोळे पिवळे झाले. पोट फुगलं, पाय सुजले. बैलगाडीतून भूगावपर्यंत आणि पुढं एसटीनं त्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले होते. त्यांनी पोटातलं पाणी काढलं, औषधं दिली आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं की आता एक थेंबही विष आहे, आणि थेंब दिला नाही तरी फार आशा धरू नका. आम्ही त्याला घेऊन परत आलो. दादानं माप, चमचा आणि तीन पेले विहिरीत टाकून दिले. शेकर आणि एक पेला तेवढा राहिला, का ते त्यालाच माहीत.

कापणी चालू होती. दुपारची वेळ. नथू ओसरीवर वाकळीवर पडला होता, मी त्याला वारा घालत होते. दादा खांबाला टेकून बसला होता. मग नथूनं डोळे उघडले.

"आज कंचा मुलुख, आबा?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. तो उठला, आत गेला. लिंबू, साखर, विहिरीचं पाणी. पूर्वीसारखंच ओलं फडकं गुंडाळून त्यानं शेकर हलवला, पेला भरला, नथूला टेकू देऊन बसवलं आणि पेला त्याच्या ओठाला लावला. नथू दोन घोट प्याला.

"ह्यात कायच न्हाई."

"न्हाई," दादा म्हणाला.

"मंग ह्यो कंचा?"

"ह्यो आपला. मुठ्याचा."

नथू गोष्टीची वाट बघत राहिला. दादानं दोनदा तोंड उघडलं. पण मुठ्याची गोष्ट त्याला कुठून येणार? नथू चालायला लागला तेव्हा तो तिकडं मिसरात, कैरोला होता, आणि नथूचे दुधाचे दात पडले तेव्हा इटलीत. लेकाला सांगावं असं त्याच्याकडं इथलं काहीच नव्हतं. तो नुसता त्याचे पाय चेपत बसला.

नथूनं पेला संपवला. मग अगदी शांतपणे, रागानं नाही, बापाला बरं वाटावं म्हणून सांगावं तसं म्हणाला, "पयल्या दिशी ह्येच दिलं आसतंत तरी मी बसलो आसतो, आबा. मी तुमचं बोलणं ऐकाया येत व्हतो."

खळ्यावर झोडणी सुरू व्हायच्या आत नथू गेला.

दहावा झाला, तेरावा झाला. गोजराला तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. ती जाताना दादाच्या पाया पडली नाही, आणि मी तिला पड म्हणाले नाही. गावातल्यांनी येऊन सांगितलं, नशिबाचे भोग, कोंडिबाचं वाटोळं होवो, बाप काय करणार. दादा ऐकून घ्यायचा.

एका संध्याकाळी मी दिवा लावायला बाहेर आले तर तो ओसरीवर तो उरलेला एक पेला पुसत बसला होता. मेसमध्ये पुसायचा तसा, उजेडाकडं धरून, पुन्हा पुन्हा. माझ्याकडं न बघता त्यानं विचारलं, "रंभे, त्या दिशी त्यो बोलला ते सुदीत बोलला, का तापात?"

एक खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? म्हातारा सुखानं मेला असता. पण नथूचं ते शेवटचं शहाणं बोलणं होतं, आणि ते तापात गेलं असं म्हणायला माझी जीभ वळेना. वारा घालताना मी त्याच्या कपाळाला हात लावून बघितलं होतं.

"ताप न्हवता, दादा," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि पेला पुन्हा पुसायला घेतला.