भिंतीवरचा नंबर

पेंटरचं अक्षर सोन्यासारखं आणि बाकी सगळा माणूस भंगार, हे खुद्द पेंटरचंच मत. शहरभर ‘आनंदी राहा’, ‘हसत जगा’ असे फलक रंगवायचे आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. तेही दोन कोट मारून! गेले काही महिने रोज जीव द्यावासा वाटे. बायकोला सांगितलं नव्हतं. हातातली कामं उरकू, मग मरू, असं तो स्वतःला बजावी. पण वेळेत काम उरकणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्या आळसावरच तो तगून होता.

प्रार्थनाही करून पाहिली होती. आत काही हलेना. देवालाही आपला कंटाळा आला असणार, त्यात त्याची काय चूक, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

आणि नेमकं प्रार्थनागृहाच्या गुरुजींनीच काम दिलं. दर्शनी भिंतीवर लिहायचं, ‘जीव देणे हे महापाप’. फरशी गुळगुळीत, म्हणून शिडी धरायला गुरुजी स्वतः उभे राहिले. पेंटरने ‘जीव देणे हे महा’ एवढं झोकात रंगवलं आणि त्याचा हात थांबला.

“महा काय?” गुरुजींनी खालून विचारलं.

“पुढचं लिहवत नाही, गुरुजी. माझ्याबद्दलच लिहितोय असं वाटतंय.”

गुरुजी एकदा सुरू झाले की समोरचे जांभया देऊन थकत. पेंटर वरच प्रवचनाची वाट बघत राहिला. गुरुजींनी मात्र शिडी आणखी घट्ट धरली.

“हळू खाली या,” ते म्हणाले. “मरायचं मनात येतं?”

“रोज.”

पेंटर ढसाढसा रडला. रडणंही त्याला धड जमलं नाही. हाताच्या रंगाने गुरुजींचा पांढरा झब्बा निळा करून ठेवला.

“मी पापी ना?”

“आजारी आहात. वाक्य मीच चुकीचं दिलं. मला यातलं कळत नाही, डॉक्टरांना कळतं. चला, मी येतो.”

“आणि प्रार्थना?”

“देव कुठे पळून जातोय? दवाखाना मात्र एकला बंद होतो.”

निळ्या झब्ब्यातच गुरुजी त्याच्याबरोबर भर रस्त्याने चालत गेले. संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती आधी भडकली, मग त्याचा हात सोडीचना.

गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. हळूहळू प्रार्थनेतही मन लागू लागलं. मधेच डुलकी लागे, पण झोप येतेय ही सुधारणाच, असं डॉक्टर म्हणाले. मग गुरुजींनी जुनं वाक्य पुसून नवं दिलं: ‘मन जड झालंय? एकटे राहू नका, फोन करा.’ खाली डॉक्टरांचा नंबर.

पेंटरने त्यात जीव ओतला. डॉक्टरांचे आकडे इतके नक्षीदार काढले की कुणाला वाचताच येईनात. आणि कोपऱ्यात, सवयीने, आपला नंबर ठळक टाकला. फुकटची जाहिरात सोडेल तर तो पेंटर कसला?

दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन वाजला. पाटीचं काम आलं म्हणून त्याने हौसेने उचलला.

“भिंतीवर वाचलं,” एक बाई अगदी हळू बोलत होती. “मला आता जगणं होत नाही हो.”

पेंटरची पाचावर धारण बसली. राँग नंबर म्हणणं सोपं होतं. त्याने ब्रश खाली ठेवला आणि बायकोला खुणेने जवळ बोलावलं.

“ताई, फोन ठेवू नका. मी डॉक्टर नाही, पेंटर आहे. तुम्ही कुठे आहात ते सांगा, आम्ही दोघं येतो. दवाखाना अजून उघडा आहे.”