थंड मशीनचा पहिला नग

अकरा मिनिटं काचेआड नुसता दुधाळ पाण्याचा मारा चालला होता. मग मशीनचं दार सरकलं आणि शाफ्ट, पंपाचा पोलादी दांडा, बाहेर आला. गोल कातलेला, लांब खाच पाडलेला, दोन्ही आडवी भोकं मारलेला. मशीननं एकदाच पकडला, एकदाच सोडला. गिरिधरनं तो दोन्ही हातांवर असा घेतला, जसं नुकतंच न्हाऊ घातलेलं लेकरू. मैनाबाईंनी आपल्या पोराकडे पाहिलं. पोरगं भुललं होतं.

अठ्ठ्याऐंशीचा मे महिना. कळमेश्वरच्या एका कारखान्यानं हे मशीन घेतलं होतं आणि त्या मालकाच्या परवानगीनं कंपनीचा माणूस ते नागपूरच्या गिऱ्हाइकांना दाखवत होता. खांबेटे त्याचं नाव, पुण्याचा. एवढ्या उन्हात टाय बांधून आला होता. याचा गळा कोणी आवळला, असं मैनाबाईंनी त्याला पाहताक्षणीच मनात म्हणून घेतलं.

"पाहिलंत ना मावशी? लेथ, मिलिंग, ड्रिलिंग, तिन्हींचं काम एकटं करतं. कॉम्प्युटर सांगतो, मशीन ऐकतं."

"मी तुमची मावशी कधी झाली?" मैनाबाई म्हणाल्या. "मशीन विकाले आले, मशीनचंच सांगा."

जीभ चालत होती, पण डोक्यात हिशेब दुसराच होता. त्यांच्या वर्कशॉपला काम एकच उरलं होतं, पंपाचे शाफ्ट. आजवर ते तीन मशिनींवर व्हायचे, तीनदा पकडायचे, आणि दर पकडीला भोकांची रेष जरा सरकायची. पंपवाल्यांनी दोनदा सगळा माल परत पाठवला होता. आता चिठ्ठीच आली होती, पुढच्या महिन्यात पन्नास नग बिनचूक द्या, नाहीतर काम दुसऱ्याला जाईल. काम गेलं म्हणजे वर्कशॉपच गेलं. आणि हे मशीन घ्यायचं तर जुनी तिन्ही मशिनं विकावी लागणार होती. गिऱ्हाईकही ठरलं होतं. म्हणजे हे फसलं तर परत जायला मागं काहीच नाही. वर खांबेटे म्हणत होता, संध्याकाळच्या गाडीनं मी निघालो, तुमचा होकार नसेल तर तुमच्या मशीनचा बुकिंग नंबर रायपूरच्या पार्टीला जाईल.

शालिकराम बाजूच्या टेबलावर माप घेत होते. मैनाबाईंच्या यजमानांबरोबर, नानाजींबरोबर, त्यांनी पहिला लेथ बसवला त्याला तीस वर्षं झाली. जो लेथ विकायचा, तो त्यांचाच. त्यांनी सकाळपासून काढलेले आठही शाफ्ट मायक्रोमीटरमध्ये धरून पाहिले, मग काट्याची डायल लावून भोकांची रेष पाहिली, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"सारे बरोबर आहेत, वहिनी. दोन शतांश मिलिमीटरची सूट असते, त्याच्या आत. केसाचा पाव भागही चूक नाही."

गिरिधरनं सहीसाठी खिशातलं पेन काढलं.

"थांब," मैनाबाई म्हणाल्या. "साहेब, मशीन बंद करा. पुरं बंद. मेन स्विचपासून."

"का?"

"आम्ही डबा खातो. दीड तासानं चालू करा आणि लगेच माल काढा. मधी काही खटपट करू नका."

खांबेटे हसला. "असं नसतं हो. आधी अर्धा तास मशीन गरम करायचं असतं. पुस्तकात लिहिलंय."

"आमच्याकडची लाईट पुस्तक वाचून जाते काय? दिवसातून दोनदा जाते, सांगून जात नाही."

मैनाबाईंचं शिक्षण दुसरीपर्यंत. पण माहेर आणि सासर दोन्ही मागावरचं. सासरे बाजारात दुसऱ्याचं लुगडं उन्हात धरायचे आणि सांगायचे, विणकर इथं जेवायला उठला, इथं बिडी प्यायला. माग थांबला, पुन्हा चालू झाला, की कापडात आडवी रेघ पडतेच. चालत्या मागावरचं कापड कोणाचंही चांगलं दिसतं, माणूस उठून आल्यावरचं दाखव, असं ते म्हणायचे. मैनाबाईंना या लोखंडाच्या कपाटातलं काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं.

शेडच्या सावलीत डबा उघडला. पोळीचा तुकडा मोडून गिरिधर तसाच बसला.

"माय, तुले काय समजते ह्याच्यातलं? लोकाच्या कारखान्यात येऊन मशीन बंद कराले लावतं! तो माणूस चिडून निघून गेला म्हणजे?"

"जाईल कुठं? त्याची गाडी सहाची आहे."

"मजाक सुचून राहिली तुले. पंपवाल्यांनी काम काढलं तं सात माणसं घरी बसतील. त्याईले काय सांगशील, कापडात रेघ दिसली म्हणून?"

मैनाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. एरवी पोराच्या तोंडून असा शब्द निघाला असता तर त्यांनी त्याला तिथंच सोलला असता. पण त्यांच्याही मनात तेच घोळत होतं. आपण पारख करून राहिलो का नुसती मालकीण मिरवून राहिलो? त्यांनी दोनदा घड्याळ विचारलं. दोन्ही वेळा पाचच मिनिटं सरकली होती.

दीड तासानं खांबेटेनं तोंड वाकडं करून बटण दाबलं. पुन्हा तोच पाण्याचा मारा, तीच अकरा मिनिटं. शालिकरामांनी शाफ्ट पुसला, मापला, पुन्हा पुसला, पुन्हा मापला.

"चार शतांश जाड."

गिरिधरचा चेहराच उतरला. खांबेटे घाईनं म्हणाला, "मी म्हटलं ना, गरम..."

"पाहा!" मैनाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "हेच रायपूरवाल्याले दाखवा. चाल गिरिधर. जेवाले उठलं की ज्याचं ध्यान जाते, असं जनावर मले दारात नाही पाहिजे."

त्या तरातरा दारापर्यंत गेल्यासुद्धा. मागून शालिकरामांचा आवाज आला, नेहमीसारखाच हळू.

"वहिनी, आपला लेथही असाच आहे."

"काय?"

"मी सकाळी पाऊण तास आधी काहून येतो? झाडू माराले? लेथ रिकामा फिरवत बसतो. लाईट जाऊन आली की पहिले चार नग मी अंदाजानं काततो, थोडं जास्त घेतो, मग कमी कमी करत येतो. तुमच्यापर्यंत चूक पोचतच नाही. तुम्हाले वाटते, लेथ चांगला आहे."

"तीस वर्षांत कधी बोलले नाही!"

"तुम्ही कुठं विचारलं?"

मैनाबाई उंबऱ्यावरच थबकल्या. त्यांना आठवलं, सासरे रेघ दाखवायचे, पण तेवढ्यावरून लुगडं फेकत नव्हते. रेघ किती धाग्यांत मिटली, ते मोजायचे.

शालिकराम तोवर डायल लावून बसले होते. शाफ्ट हळूहळू फिरवत.

"आणखी एक सांगतो. जाडी चुकली. पण भोकं रेषेत आहेत. थंड होतं तरी रेष हलली नाही. पंपवाल्यांनी माल परत केला तो रेषेसाठी. जाडी मले हातानं सांभाळता येते, वहिनी. रेष मले आजपर्यंत सांभाळता आली नाही."

हे बोलताना त्यांनी वर पाहिलं नाही. स्वतःचा लेथ मोडीत काढायला आपणच कारण देतोय, हे त्यांना कळत होतं. मैनाबाईंनाही कळलं. त्या परत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"साहेब, काढत राहा. कशाले हात लावू नका."

दुसरा नग तीन शतांश जाड. तिसराही तीन. चौथा अडीच, पाचवा दोनच्या काठावर, सहावा आत. सहाही नगांची भोकं रेषेत. शालिकराम खडूनं टेबलावर आकडे मांडत होते. मग त्यांनी खांबेटेला विचारलं, "हे कातायची पाती थोडी पुढंमागं कराची तं कुठून करता?"

"या बटणांवरून. आकडा टाकायचा. पण त्याला ट्रेनिंग लागतं, आजोबा."

"मले आकडे येतात."

मशीन पुन्हा बंद झालं. यावेळीही दीड तास, पुरतं गार होईपर्यंत. खांबेटेनं टाय सोडून खिशात कोंबला. साडेचार वाजता वीज दिली, तेव्हा शालिकराम बटणांसमोर उभे होते. त्यांनी एक बटण दाबलं, आकडा पुसला, दुसरं दाबलं. खांबेटेनं वाकून पाहिलं.

"चार शतांश जास्त कातायला लावलं तुम्ही. नग बाद होईल."

"होऊ द्या."

अकरा मिनिटं. मैनाबाईंनी डोळे मिटले. देवाचं नाव तोंडात येईना. नुसते सात माणसांचे चेहरे एकामागून एक येत होते. दार सरकल्याचा आवाज झाला. शालिकराम पुसत होते, मापत होते.

"भाऊजी, जीव घेता काय? बोला ना!"

"एक शतांशाचा फरक," शालिकराम म्हणाले. "आत आहे. मशीन गरम होईल तसं पुढच्या नगाले एक परत घ्या लागंल, मग अजून एक."

गिरिधर आईकडे पाहत राहिला. पेन उघडं होतं, पण हात पुढं जात नव्हता. "माय, काय करू? तू सांग."

"मले काय विचारतं? त्याईले विचार. ते या मशीनवर उभे राहत असतील तं घे. नाहीतर पुण्याले परत जाऊ दे."

शालिकरामांनी हात पुसले. "साठ वर्षांच्या म्हाताऱ्याले नव्यानं शिकवता काय?"

"खांबेटेसाहेब शिकवतील. पंधरा दिवस येऊन राहतील, आमच्या घरी जेवतील. ते लिहून घे, गिरिधर, मगच सही कर."

"मावशी, पंधरा दिवस..."

"आता मावशी म्हणा, चालते."

गिरिधरनं सही केली. मैनाबाईंची काळजी मात्र कमी झाली नाही. उलट वाढली. पन्नास नग अजून व्हायचे होते, लाईट रोज जाणार होती, आणि मागं परतायला वाट उरली नव्हती. बाहेर निघताना त्यांनी पोराला बाजूला घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"लेथ न्याले येतील त्या दिवशी भाऊजींले सुट्टी दे. त्यांच्यासमोर नको."

पण शालिकरामांचे कान तीस वर्षं मशिनींच्या आवाजात राहूनही शाबूत होते.

"सुट्टी नको. मीच खोलून देतो. दुसरा कोणी खोलंल तं त्याची जुळवलेली लाईन बिघडवून ठेवंल, आणि घेणारा आपल्याच नावानं बोटं मोडंल."