रिकामा खिळा

आमचे दाजी जिथं जातील तिथून काहीतरी उचलून आणतात. हॉटेलातला चमचा, विमानातली उशी. ताई वैतागते. मी पडले लाडकी मेहुणी, म्हणून हसते.

खाडीकाठच्या त्या उद्यानातही तेच झालं. फाटकावरची रखवालदार बाई आत जाणाऱ्या प्रत्येकाला खिळ्यावरचा एक लाकडी बिल्ला काढून देत होती. "बाहेर आलात की परत अडकवा. पावसात भरती भसकन चढते. खिळा रिकामा दिसला की आम्ही शोधायला निघतो," असं तिनं बजावलंही होतं. पण बिल्ल्यावर खेकडा इतका झकास रंगवला होता, की दाजींची नियत फिरली. परतताना त्यांनी मला डोळा मारला. मी बाईला उगाच कुठल्याशा पक्ष्याचं नाव विचारून बोलण्यात गुंतवलं आणि बिल्ला दाजींच्या खिशात गेला.

पुढं रस्त्यावर पाणी तुंबलं होतं, म्हणून आम्ही कोपऱ्यावर चहाला थांबलो. इतक्यात उद्यानातून शिट्ट्या ऐकू यायला लागल्या.

"काय झालं हो?" ताईनं विचारलं.

"कुणीतरी आत राहिलंय," चहावाला म्हणाला. "सगळे पाण्यात उतरलेत शोधायला."

दाजींचा चेहरा खर्रकन उतरला. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते कपात पाहू लागले.

"दाजी, चला."

"आता गेलो तर नसती शोभा होईल," ते पुटपुटले. "शोधतील नि येतील परत."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. सरळ त्यांच्या खिशात हात घालून बिल्ला काढला आणि भिजत धावत सुटले.

लाकडी पायवाटेचं टोक पाण्याखाली गेलं होतं. बाई कमरेएवढ्या गढूळ पाण्यात दोर धरून उभी होती. "ओ दादा! आवाज द्या!" ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. मी बिल्ला उंच धरला आणि शिव्या खायची तयारी केली.

"सापडले! सापडले रे!" ती मागं वळून ओरडली. झाडीतून कुणीतरी आनंदानं लांबलचक शिट्टी फुंकली. काठावर येताच तिनं माझे दोन्ही हात धरले.

"तुमच्याच घरचे ना ते? बरे आहेत ना?"

"बरे आहेत," एवढंच मी म्हणू शकले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तिनं बिल्ला पदराला पुसून खिळ्यावर अडकवला.

"घाबरले असतील हो बिचारे. आधी गरम चहा पाजा त्यांना."