मानवलेली गोळी

करीमचा पहिला फटका दवाखान्याच्या काचेच्या दारावर बसला, दुसरा डॉक्टर विनीत यांच्या उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज तस्नीमला आत ऐकू आला. जयगडच्या या दवाखान्यात ती रक्त तपासायची. करीम तिच्याच मोहल्ल्यातला.

ती बाहेर आली. करीमच्या हातात होडीच्या इंजिनाचं लोखंडी हँडल होतं. बाकावर त्याचा धाकटा भाऊ कैफ पडला होता, डोळे पिवळेजर्द, धाप लागलेली.

"तापाच्या माणसाला विष देतोस?" करीम डॉक्टरांना म्हणाला. "लघवी बघ त्याची. काळ्या चहासारखी."

"करीमभाई, ते खाली ठेव."

"बाजूस हो गो. चार बुकं शिकलीस ती घरात वाच."

त्याने तिला ढकललं. कपाटाची कड भुवईला लागली, रक्त डोळ्यात उतरलं. डॉक्टर भिंतीशी कोसळले होते. करीमने त्यांच्या बरगडीत लाथ घातली.

"कैफला मी आज प्रथम बघतोय," डॉक्टर कसेबसे म्हणाले. "कुठली गोळी घेतली त्याने?"

करीमने खिशातली अर्धी पट्टी त्यांच्या तोंडावर फेकली. "तूच दिलेलीस मला, मलेरियाला. मला मानवली. ताप उतरला, तशी उरलेली ठेवून दिली. ती तीन दिवस याला घातली. एका आईची पोरं आम्ही. मला मानवते ती याला का नाही?"

तस्नीमने पट्टी उचलून पाहिली. "तुला देण्याआधी तुझं रक्त तपासलं होतं. मीच तपासलं. काहींच्या रक्तपेशी या गोळीने फुटतात. सख्ख्या भावांतही फरक असतो. आजही दिलीस?"

"घेत नव्हता," करीम हळू म्हणाला. "जबडा धरून घातली."

कैफच्या गालांवर बोटांचे निळे वळ होते.

"ऑक्सिजन लाव," डॉक्टर तस्नीमला म्हणाले. "रत्नागिरीला कळव, रक्त लागेल."

तिने नळी लावली, फोन केला. मागे धप्पकन आवाज झाला. करीमने डावा हात टेबलावर ठेवून त्यावर हँडल आपटलं होतं. दोन बोटं वाकडी झाली. त्याने पुन्हा हँडल उगारलं.

"उरलेली बोटं राहू देत," ती म्हणाली. "गाडी आली की याला उचलायला दुसरं कोण आहे इथे?"

हँडल खाली पडलं. करीमने बाही वर सारली.

"माझं रक्त घाला त्याला. एका आईची..."

तो तिथेच थांबला. मग त्याने हात तिच्यापुढे धरला.

"आधी तपास," म्हणाला.