दोघांचा मिळून एक प्राध्यापक

"मानूस बोलाले लागना का आपन गप बसानं, अस्मा. आन् आयकेल गिळी टाकानं. व्हटवर येवाले लागनं, त् तोंडमा बडीशेप टाक!"

अस्माचे मार्गदर्शक नवलसिंग सर जाऊन चार वर्षं झाली, तरी त्यांचा हा आवाज तिच्या कानातून गेला नव्हता. पीएच.डी.च्या पहिल्याच दिवशी त्यांनी ऐकलेलं गिळायला शिकवलं होतं. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये बडीशेपेची डबी असायचीच.

नंदुरबारला येणारा संशोधक सहसा जीप करून मोलगीला चढतो, डोंगरातल्या माणसांना त्यांचं लग्न, शेत, देव सगळं विचारतो आणि खाली उतरून पुस्तक लिहितो. अस्मा डोंगर चढलीच नाही. शहाद्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवता शिकवता ती स्टाफरूममध्येच ठाण मांडून बसली आणि विचारणाऱ्यांनाच विचारू लागली, "सर, तुमचं राजकीय मत काय?"

तिचा भाऊ जाकीर टेलर. तो मशीनवरून मान वर न काढता म्हणायचा, "पढे-लिखे लोगों को क्या पढना, आपा?"

पण वाचण्यासारखं पुष्कळ होतं. तासभर क्रांती शिकवणारे सर प्राचार्यांकडे रजा मागताना कसे मांजर होतात, आणि कुठल्याच पक्षाचं नाव न घेणारे ग्रंथपाल निकालाच्या दिवशी दार लावून कसे नाचतात, हे सगळं अस्माला ठाऊक. लोक तिला सांगायचे, कारण तिला सांगणं म्हणजे विहिरीत खडा टाकणं. बुडूक, की संपलं.

या स्टाफरूमची शान म्हणजे भिकन सर आणि दानियल सर. सारंगखेड्याचे भिकन पाटील इतिहास शिकवायचे आणि सरकारच्या बाजूने भांडायचे. नवापूरकडचे दानियल मावची वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि विरोधकांच्या बाजूने भांडायचे. दोघांचं जेवणाचं टेबल एक, भांडण रोजचं.

"तुन्हा पक्ष म्हन्जे खुंटावरलं घोडं, दान्या! खाई खाई उभं ऱ्हास!"

"आणि तुझा पक्ष म्हणजे जत्रेतलं घोडं. सजवलेलं दिसतं, विकत घेतलं की लंगडतं!"

असं म्हणत एक दुसऱ्याच्या डब्यातली मिरची उचलायचा.

गेल्या निवडणुकीनंतर अस्माने दोघांची वेगवेगळी मुलाखत घेतली. भिकन सरांनी दार लावलं, पंखा मोठा केला आणि कुजबुजले, "ताई, मी दान्याना पक्षले मत दिधं. इतला वरीस भांडी भांडी त्यानं माले पटाडी दिधं. पन त्याले समजनं, त् मरी जासू मी."

आठवड्याने दानियल सर आले. त्यांनीही दार लावलं. "मॅडम, हे मी चर्चमध्ये पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही. मी भिकनच्या पक्षाला मत दिलं. त्याचं म्हणणं पटलं हो! पण त्याला कळता कामा नये."

अस्माने त्या दिवशी अर्धी डबी बडीशेप संपवली.

लेख लिहिताना तिने हुशारी केली. दोघांची गोष्ट एकच, तर दोघांचा मिळून एकच प्राध्यापक करू, म्हणजे कुणी ओळखणार नाही. तिने लिहिलं, "एक ज्येष्ठ प्राध्यापक आयुष्यभर मित्राशी वाद घालत राहिले आणि शेवटी गुपचूप मित्राच्याच पक्षाला मत देऊन आले."

लेख छापून आला. ग्रंथपालांनी तो स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचला. खरंच कुणी ओळखलं नाही. ओळखलं ते फक्त त्या दोघांनी, आणि प्रत्येकाने स्वतःलाच.

दुसऱ्या दिवसापासून भिकन सर कपाटाआड डबा खाऊ लागले. दानियल सर प्रयोगशाळेत, कुंड्यांच्या सोबतीला. दोघांनाही वाटलं, त्याने आपल्याला ओळखलं, आता तो हसणार! समोर आले की एकाला फोन यायचा आणि दुसऱ्याला चष्मा सापडायचा नाही. त्यात दानियल सर महिनाअखेरीस निवृत्त होऊन नवापूरला परतणार होते. एकदा गेले, की कपाटाआडचं हे तोंड लपवणं जन्माचं होऊन बसणार. आणि हे सगळं अस्माच्या एका वाक्याने झालं होतं.

सोमवारी भिकन सर तिच्याकडे आले.

"ताई, औंदा भरीतनी पार्टी नही करत मी."

दत्तजयंतीची सुट्टी, सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा आणि भिकन सरांच्या शेतातलं भरीत, हे दर वर्षीचं ठरलेलं; यंदा दत्तजयंती गुरुवारी होती. भिकन सरांनी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची आणि दानियल सरांनी ती ठेचायची. दुसऱ्या कुणी मुसळीला हात लावलेला दोघांनाही खपायचं नाही.

"दान्याले समजी गयं का, ताई? एवढंच सांग."

एका वाक्याचं काम होतं. 'सर, त्यांनीही तेच केलंय.' वाक्य अगदी ओठांवर आलं. हात डबीकडे गेला आणि अस्माला आठवलं, आज सोमवार, आपला रोजा. सोमवार-गुरुवारचे रोजे तिने अम्मीच्या बरोबरीने धरले होते, ते कधी चुकले नव्हते. बडीशेपेचा आधार गेला. मग अम्मीचंच बोलणं मदतीला आलं, 'रोजा सिर्फ पेट का नहीं, जबान का भी.'

ती हळू आवाजात म्हणाली, "सर, माझ्याकडून कुणाला काही कळलं नाही, कळणारही नाही. पण मी माझ्या तोंडाला कुलूप घातलंय, तुमच्या नाही. भरीत करा. आणि सांगायचं तर तुम्हीच सांगा."

भिकन सरांनी खूप वेळ टोपीशी चाळा केला. "सांगी टाकसू. पन तू येशी ना? आमना मधमा बस. आन् हासू नको!"

"नाही हसणार. जबान दिली."

"त्या दिन बी तुन्हा रोजा व्हई. तुन्हं भरीत मी बांधी देसू, सांजले खाय."

बुधवारी दानियल सरांचा फोन आला. "मॅडम, भिकनने भरिताला बोलावलंय. मी ठरवलंय, त्याला सगळं सांगून टाकायचं. मनावर ओझं घेऊन नवापूरला जायचं नाही मला. पण एकट्याने हिंमत होत नाही. तुम्ही असाल ना? आणि हे बघा, माझं सांगून होईपर्यंत तुमच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायला नको."

"नाही हलणार, सर."

"शब्द?"

"शब्द."

फोन ठेवल्यावर अस्मा उशी तोंडावर धरून इतकी हसली, की अम्मीने आतून विचारलं, "तबीयत ठीक है ना?" उद्या दोघं समोरासमोर बसणार, एकाच वेळी तोंड उघडणार, आणि मध्ये बसलेल्या आपल्याला मात्र दगड व्हायचंय! परवापासून भांडण पुन्हा सुरू होईल याची तिला खात्री होती. फक्त भिकन सर विरोधकांच्या बाजूने भांडतील आणि दानियल सर सरकारच्या.

गुरुवारी पहाटे सहेरीचे दोन घास खाऊन, फजरची नमाज पढून तिने कांद्याची पात पिशवीत भरली. पर्समधली डबी काढून कोनाड्यात ठेवली. आज तिचा उपयोग नव्हता. आरशासमोर उभं राहून तिने चेहरा एकदा सरळ करून पाहिला. ओठाचा डावा कोपरा काही केल्या ऐकेना. दुपट्ट्याने तो झाकून, अम्मीला सलाम करून, ती दार ओढून घेत बाहेर पडली आणि सारंगखेड्याची एस.टी. धरायला स्टँडकडे चालू लागली.