पूरी शिक्षा

भोपाळच्या कारखाना-वसाहतीत एकोणीस वर्षं काढूनही रत्नप्रभाबाईंचं हिंदी मराठीच्याच वळणाने चालायचं. लोक हसायचे, बाईही हसायच्या. पण ते दिवस वेगळे होते. तेव्हा उदय होता.

नऊ वर्षांच्या उदयचा शेजारच्या सोनागिरी वस्तीतल्या एका तरुणाने खून केला. त्या धक्क्याने नवरा गेला, आणि त्याच्या जागी बाई कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागल्या. खुन्याला फाशी सुनावली गेली. त्याने दयेचा अर्ज केला, तेव्हा एका वर्तमानपत्राने आईचं मत विचारलं. बाईंनी दातओठ खात एकच ओळ लिहून दिली : "उसे पूरी शिक्षा मिले."

दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'माँ बोली, हत्यारे को पढ़ाइए.' हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे बाईंना ठाऊक नव्हतं थोडंच! पण रागाच्या भरात माणूस आपल्याच भाषेत बोलतो. खुन्याच्या वकिलाने लगेच ते कात्रण अर्जाला जोडलं.

ऑफिसात लोक वाकून नमस्कार करू लागले. "आप तो देवी हैं!" डोंबलाची देवी! पोर गमावलेल्या बाईशी बोलायला कुणी उरलंच नाही. खुलाशाचं पत्र लिहून आठ दिवस झाले, तरी ते पर्समध्येच होतं.

रविवारी दुपारी त्या तरुणाची आई दारात आली. बाईंनी तिला आत घेतलं नाही.

"वो अक्षर सीख रहा है, दीदी."

"मैंने फाँसी ही लिखा था," बाई ताडकन म्हणाल्या.

"मालूम है. बाईस साल मराठी घरों में बर्तन माँजे हैं. शिक्षा किसको बोलते हैं, उसी दिन समझ गई थी."

सगळ्या भोपाळात बाईंची ओळ बरोबर वाचली होती ती एवढ्या एकाच बाईने.

"फिर क्यों आई?"

"अख़बार को चिट्ठी लिखी होगी आपने. मत भेजना, यही बोलने."

बाईंना तिची चीड आली, आणि तिच्या जागी आपण असतो तर आपणही आलो असतो, हेही कळलं.

"माफ नहीं किया मैंने."

"मत करना."

"नहीं भेजूँगी. जाओ अब."

दार लावून त्या उदयच्या फोटोपुढे उभ्या राहिल्या. त्याला काय सांगावं, हे त्यांना कुठल्याच भाषेत सुचेना.