निळी खिडकी

ओस्मारिनोकाकांनी बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात टाकीच्या तळाशी नेला. डिस्कस माशांची जोडी दोन उभ्या बशांसारखी बाजूला सरली. त्यांच्या अंगाला लागलेली मोहरीएवढी पिल्लंही तशीच सरकली.

"दोघांनाही न्यायचं ना?"

जांदिरानं सात महिन्यांच्या मोएमाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "का? एकालाच नेतात का?"

"नेतात की. पण ही पिल्लं अजून आईबापाच्या अंगावरचा चिकटा चाटून जगतायत. एकटी आई थकते गं. बाप जवळ असला की तिला जरा दम खाता येतो." ते हसले. "एकाच बादलीत घालतो. भांडले तर भांडले बापडे."

जांदिरा हसली नाही. हे माशांबद्दल होतं की आपल्याला आडून विचारणं होतं, ते ती त्यांच्या पाठीकडे बघत ताडत राहिली. ही टाकी याच माणसानं बसवली होती, तीही तिच्या नवऱ्याच्या, क्लेओमारच्या सांगण्यावरून. फिल्टर बिघडला की क्लेओमार यालाच बोलावायचा आणि मग दोघं ओट्यावर बियर घेत बसायचे. पण भरली टाकी हलवणारा दुसरा माणूस तिला मानाउस शहरात माहीत नव्हता. मासे इथेच ठेवून गेली असती तर मोएमा झोपली नसती. ती पोर टाकीतल्या त्या निळ्या उजेडाकडे बघतच डोळे मिटायची.

क्लेओमार नदीवरच्या बोटीत मिस्त्री होता. पाचला घरी यायचा. रस्त्याच्या वळणावरूनच त्याला खिडकीतली टाकी दिसे. 'उजेड दिसला की कळतं, बायको घरात आहे,' असं तो चारचौघांत कौतुकानं सांगायचा. एकदा टाकीचा दिवा उडाला होता, तेव्हा 'कुठे गेली होतीस' हा एकच प्रश्न तो जेवण होईपर्यंत विचारत राहिला होता.

पाचच्या आत तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं होतं. तिथला पत्ता तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितला नव्हता.

पाण्याची पिंपं टेम्पोत चढत होती तेवढ्यात समोरची झुल्मा दारात आली.

"अगं बाई! माशांचं घर निघालं कुठे?"

जांदिरा मोएमाचं टोपडं सारखं करू लागली.

"दुरुस्तीला," ओस्मारिनोकाका पिंपाचं झाकण आवळत म्हणाले. "तळातनं गळतेय. बाईला म्हटलं, तुम्ही बरोबर चला, नाहीतर मासे मेल्याचं खापर माझ्यावर. तुमच्याकडे कॉफी असेल तर पाजा, नाहीतर वाटेतनं सरका."

झुल्मा हसत आत गेली. किती सहज खोटं बोलतो हा, जांदिराच्या मनात आलं. झुल्माशी बोलतो, तसा माझ्याशीही बोलत असेल.

टेम्पोत तिनं पत्ता सांगितला नाही. डावीकडे, उजवीकडे, असं एकेक वळण सांगत राहिली. त्यांनीही विचारलं नाही, आणि तेच तिला जास्त खुपलं. मध्येच त्यांचा फोन वाजला. काचेवर नाव उमटलं: क्लेओमार.

"घेत नाही?"

"हात ओले आहेत." त्यांनी फोन पालथा घातला. हात केव्हाच वाळले होते.

नवी खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक गादी, एक पंखा, रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. तिनं सवयीनं खिडकीकडे बोट दाखवलं. त्यांनी तिथे रिकामी टाकी ठेवली आणि उरलेलं पिंप आणायला खाली गेले.

बराच वेळ झाला तरी ते वर येईनात. जांदिरा खिडकीशी गेली. ओस्मारिनोकाका पलीकडच्या फुटपाथवर उभे होते. मान वर करून, बोटानं हवेत मजले मोजत. मग ते चालत कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथूनही वर बघत राहिले.

तिनं मोएमाला उराशी धरलं, कपड्यांची पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. जिन्यात त्यांची पावलं वाजली. पिंपाखाली वाकून, धापा टाकत ते वर आले. तिच्या हातातली पिशवी त्यांनी पाहिली आणि पिंप खाली टेकवलं.

"टाकी इथे नको. आतल्या भिंतीला घेतो."

"का? तिकडेही खिडकीतच होती."

"ऊन येतं. शेवाळ धरतं. तिकडची काच बघितलीस ना, कशी हिरवी झाली होती?"

तासाभरात पाणी भरलं, पिल्लं आईला चिकटली. निघताना ते दारात घुटमळले.

"फिल्टरचा स्पंज धुऊ नकोस, मळकाच राहू दे. आणि काही बिघडलं तर फोन कर. पत्ता माझ्या लक्षात नाही, परत तूच सांगायचा."

दार लागल्यावर तिनं कडी घातली आणि दाराला खुर्ची लावली.

दुसऱ्या दिवशी ती उन्हाची वाट बघत राहिली. समोर सात मजली इमारत होती. सकाळचं ऊन त्या इमारतीच्या पाठीमागेच राहिलं. दुपारी रस्त्यावर पट्टा पडला. चार वाजता समोरच्या भिंतीवर चढला आणि गेला. खिडकीच्या कठड्यावर तिनं हात ठेवून पाहिला. गार होता.

अंधारून आलं तशी तिनं टाकीचा दिवा लावला आणि मोएमाला घेऊन पावासाठी खाली उतरली. परतताना ती पलीकडच्या फुटपाथवर थांबली. मग कोपऱ्यापर्यंत गेली, जिथे ते उभे होते तिथे. घराघरांत दिवे लागले होते, कुठे टीव्ही लुकलुकत होता. बोटानं तिनं मजले मोजले. एक, दोन, तीन.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीत निळा उजेड कुठेच नव्हता; आत कुणी राहत असेल असं वाटत नव्हतं.

मोएमानं पावात बोट खुपसलं. जांदिरा तशीच मान वर करून उभी राहिली.